त्वचावेधाने रक्तनमुना घेणे

बोटाच्या टोकाला किंवा तान्ह्या बाळाच्या टाचेला टोचून केशवाहिन्यांतील रक्ताचे थेंब घेण्याच्या पद्धतीस त्वचावेध म्हणतात. बोलीभाषेत 'बोट टोचून रक्त घेणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. शिरेतून रक्त काढण्याची सोय नसलेल्या ठिकाणीही ही पद्धत वापरता येते.

== गोंदिया जिल्ह्यातील वापर ==
विमानतळामुळे परिचित असलेले बिरसी हे गाव ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, त्याचा बराच भाग वनव्याप्त आहे. हिवताप आणि सिकलसेल या दोन्ही विकारांसाठी तेथे रक्ततपासणीला महत्त्व आहे. तापाच्या रुग्णाचे बोट टोचून एकाच काचपट्टीवर जाड व पातळ असे दोन लेप घेतले जातात. जाड लेपात हिवतापाचे परजीवी लवकर सापडतात, तर पातळ लेपावरून त्यांची जात ओळखता येते. सिकलसेलच्या प्राथमिक विद्राव्यता चाचणीलाही थेंबभर रक्त पुरते. मात्र व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्या चाचणीवरून कळत नाही. त्यासाठी विद्युतसंचारणासारखी पुढील तपासणी करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वर्षे वयोगटातील सुमारे ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

== पद्धती ==
प्रौढांमध्ये सहसा कमी वापराच्या हाताचे मधले बोट किंवा अनामिका निवडतात. करंगळीची त्वचा पातळ असते, तर अंगठा व तर्जनी कामात सतत वापरली जातात. टोचा बोटाच्या अगदी मध्यावर न देता किंचित बाजूला, ठशाच्या रेषांना आडवा देतात. हात गार असल्यास आधी उबदार करावा. जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या अल्कोहोलमुळे रक्तपेशी फुटतात व जखमही चुरचुरते. पहिल्या थेंबात ऊतकद्रव मिसळलेले असल्याने तो सहसा कोरड्या कापसाने टिपून टाकतात. बोट जोराने पिळल्यानेही हाच द्रव रक्तात उतरतो आणि निष्कर्ष चुकतात. घाईत ही चूक होऊ शकते.

चालू न लागलेल्या तान्ह्या बाळाच्या बोटात हाड त्वचेच्या फार जवळ असते, म्हणून त्याच्या तळव्याकडील टाचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचतात. टाचेचा मध्य आणि मागची गोलाई वर्ज्य आहे. खोली २.४ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, अन्यथा सुई टाचेच्या हाडापर्यंत पोचून तेथे जंतुसंसर्ग होऊ शकतो.

== संसर्गाचा धोका ==
टोचणी (लॅन्सेट) एका व्यक्तीसाठी एकदाच वापरायची असते. ती स्पिरिटने पुसून पुन्हा वापरणे सुरक्षित नाही. कावीळ 'ब'चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरतो. केवळ सुई बदलून तेच टोचणीयंत्र अनेकांना वापरणेही घातक आहे. मधुमेहींची साखर तपासताना असे घडल्याने अमेरिकेतील शुश्रूषागृहांत या काविळीचे उद्रेक झाले. २०१० साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने एक यंत्र एकाच व्यक्तीसाठी वापरण्याचा इशारा दिला. शिबिरात रांग लांबली की हा नियम सैल होण्याची शक्यता वाढते, म्हणून एकदा टोचल्यावर सुई आपोआप आत जाणारी व पुन्हा न वापरता येणारी टोचणी अधिक सुरक्षित ठरते.

नमुना घेणाऱ्याने प्रत्येक व्यक्तीगणिक हातमोजे बदलावेत. वापरलेली टोचणी, भारताच्या २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, पांढऱ्या पारभासक, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात लगेच टाकावी लागते.