खिशांतलें पिस्तूल



लोणावळ्याच्या शेजारीं कुसगांव म्हणून मावळांतलें एक गांव आहे. लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले तेथून फार लांब नाहींत. निवडणुका जाहीर झाल्या म्हणजे या भागांतील पुष्कळ परवानेधारकांना आपापलीं शस्त्रें पोलिस ठाण्यांत नेऊन जमा करावीं लागतात. शस्त्रावरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशीं ताडून पाहतात, पावती देतात, आणि निवडणूक पार पडेपर्यंत तें शस्त्र सरकारच्या कुलपांत राहतें. ज्या मुलुखांत शिवाजीमहाराजांचे मावळे निपजले, तेथील गृहस्थानें आपल्या मालकीचें पिस्तूल असें निमूटपणें स्वाधीन करावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु त्या एवढ्याशा पावतीमागें मोठा इतिहास आहे, आणि तो बहुतांशीं लहान पिस्तुलाच्या धन्यांना आलेल्या अनुभवांचा इतिहास आहे. त्यांतील दोनतीन प्रसंग आज आपल्यापुढें मांडावयाचे आहेत.

जुन्या मावळांत शस्त्र ही लपविण्याची वस्तु नव्हती. तलवार कमरेला असे, भाला खांद्यावर असे, आणि तोड्याची बंदूक तर पेटता तोडा जवळ असल्यावांचून उडतच नसे. कोणाच्या घरीं काय आहे हें गांवाला ठाऊक असे, आणि शस्त्र उपसणाराला उद्यां पाटलाला व पंचांना तोंड द्यावयाचें आहे याची जाणीव असे. १८१८ च्या मार्च महिन्यांत इंग्रजांनीं विसापूर घेतला, पाठोपाठ लोहगडही त्यांच्या हातीं गेला. पुढें साठ वर्षांनीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा अपराध ठरला. युरोपियनांना मात्र त्यांतून सूट मिळाली. उघड्या शस्त्राचा काळ येथें संपला, आणि त्याची जागा हळूहळू लपविलेल्या शस्त्रानें घेतली.

हा पालट होत असतांनाचें एक चित्र पुण्यांत दिसतें. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलमानें संतापलेले दामोदर व बाळकृष्ण चापेकर २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर दबा धरून राहिले, तेव्हां त्यांच्याजवळ पिस्तुलें होतीं तशा तलवारीही होत्या. परंतु एवढें ओझें घेऊन धांवतां यावयाचें नाहीं म्हणून त्यांनीं तलवारी रस्त्यालगतच्या मोरीखालीं ठेवून दिल्या व पिस्तुलें तेवढीं घेऊन ते पुढें गेले. लेफ्टनंट आयर्स्ट जागींच ठार झाला. रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. मोरीखालीं राहिलेल्या त्या तलवारी म्हणजे एका युगाची समाप्तीच होय.

यानंतर थोड्याच वर्षांत हें शस्त्र आणखी लहान झालें. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची नवी योजना बेल्जममधील लिएजजवळच्या हर्स्टल येथील कारखान्यानें उचलली, आणि १९०० सालच्या नमुन्याचें ब्राउनिंग पिस्तूल बाजारांत आलें. गोळी सुटतांना मागें बसणाऱ्या धक्क्यानेंच त्याचा वरचा भाग मागें सरके, रिकामें काडतूस बाहेर पडे, आणि स्प्रिंगच्या जोरानें नवें काडतूस नळींत बसे. मुठींत सात काडतुसें मावत. लांबी सुमारें १७ सेंटिमीटर, वजन सुमारें सव्वासहाशें ग्रॅम, आणि नळीचें माप ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला बत्तीस बोअर म्हणतात तें. ब्रिटिश लष्कराच्या वेब्ली रिव्हॉल्वरची गोळी सुमारें १७ ग्रॅमांची, तर हिची पांच ग्रॅमांहूनही कमी. जोर कमी, पण कोटाच्या खिशांत नकळत राही, आणि मध्यम स्थितीच्या युरोपीय गृहस्थालाही तें घेतां येई. या एका नमुन्याचीं सात लाखांहून अधिक पिस्तुलें तयार झालीं. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्याप्रमाणें पोस्टांत दहा शिलिंग भरून मिळणारा परवाना पिस्तूल विकत घेण्यास पुरे होई. त्याच इंग्लंडच्या राज्यांत हिंदी माणसाला हेंच पिस्तूल मिळविण्यासाठीं चोरवाट शोधावी लागे.

या पिस्तुलाचा प्रवास विलक्षण आहे. १९०४ सालीं हेलसिंकी येथें रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव याजवर, आणि २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं हार्बिनच्या स्टेशनांत जपानच्या इतो हिरोबुमीवर याच नमुन्याच्या पिस्तुलांतून गोळ्या सुटल्या. हार्बिनच्या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते तोंच ब्राउनिंगचा आवाज नाशिकांत ऐकूं आला.

विनायकराव सावरकरांनीं लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें इंडिया हाउसांतील चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यांतून पाठविलीं व १९०९ च्या मार्चाच्या सुमारास तीं मुंबईस पोंचलीं. त्यांतील एक अनंत लक्ष्मण कान्हेरे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातीं आलें. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद थिएटरांत 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन प्रयोगास आले असतां कान्हेऱ्यांनीं त्यांस गोळ्या घातल्या. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी म्हणून नांवाजलेले होते. ज्या राज्यानें बाबाराव सावरकरांस कांहीं कवितांपायीं जन्मठेप काळें पाणी दिलें, त्या राज्याचे ते अधिकारीही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहास सांगणारानें दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आतां या पिस्तुलाचा धनी कोण? एकानें तें पाठविलें, दुसऱ्यानें आणलें, कोणी सांभाळलें, कोणी झाडलें. बाजारांत त्याची किंमत थोडीच असेल. पण धन्यांनीं मोजलेली किंमत पाहा. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, आणि पेटींतल्या वीस पिस्तुलांची हकीकत न्यायासनापुढें आली. सावरकरांना एक जन्मठेप डिसेंबर १९१० मध्यें झालीच होती. ३० जानेवारी १९११ रोजीं या पिस्तुलापायीं दुसरी झाली, आणि शिक्षेची बेरीज पन्नास वर्षांवर गेली. खिशांत जें लपून राहिलें तें न्यायालयांत लपलें नाहीं.

दुसरा अनुभव याच्या अगदीं उलट. सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं फांशी झाली, त्या संतापानें फर्ग्युसन कॉलेजचा विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे यानें २२ जुलै १९३१ रोजीं कॉलेजच्या वाचनालयांत हंगामी गव्हर्नर हॉटसन यांजवर अगदीं जवळून गोळ्या झाडल्या. एक गोळी हॉटसन यांच्या खिशांतील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळून थांबली. साहेब जिवंत राहिले, त्यांनीं स्वतः गोगट्यांवर झडप घातली, आणि गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. नाशिकांत एका तरुणाचा नेम लागला, पुण्यांत दुसऱ्याचा एका बटणानें हुकविला. दोघांचाही निश्चय सारखाच होता. पण शस्त्र एकदां हातून सुटल्यावर निर्णय निश्चयाच्या हातीं राहत नाहीं, तो बटणासारख्या क्षुल्लक वस्तूच्या हातीं जातो.

स्वातंत्र्यानंतर, १९५९ सालीं, इंग्रजी अमलांतील कायदा जाऊन नवा आला. लष्करी मापाचीं शस्त्रें सामान्य नागरिकास निषिद्ध राहिलीं, म्हणून परवान्याच्या पिस्तुला-रिव्हॉल्वरांत बत्तीस बोअर हेंच माप आपल्याकडे रुळलें. तें स्वस्त मात्र राहिलें नाहीं. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून काढलेल्या 'निर्भीक' या लहान रिव्हॉल्वरची किंमत सव्वा लाखाच्या घरांत होती. स्वस्त उरला तो गांवठी कट्टा. त्याची नळी केव्हां फुटेल आणि धन्याचाच हात केव्हां घेऊन जाईल, याचा भरंवसा नाहीं. आणि त्याला क्रमांकही नसतो, पावतीही नसते.

यासाठींच कुसगांवच्या बाजूच्या त्या पावतीकडे मला निराळ्या दृष्टीनें पाहावेंसें वाटतें. परक्या सरकारनें शस्त्रें घेतलीं तीं प्रजेच्या भयानें, आणि तो अपमान तरुणांनीं प्राण देऊन फेडला. आज परवानेधारक जें ठाण्यांत ठेवतो तें शेजाऱ्यानें निर्भयपणें मत द्यावें म्हणून. जुन्या मावळांत कमरेच्या तलवारीवर साऱ्या गांवाची नजर असे. खिशांतल्या पिस्तुलानें ती नजर चुकविली. कागदाच्या त्या तुकड्यानें ती थोडीशी परत आणली आहे, आणि धन्याला ती जाचक वाटली तरी गांवाला तिचा आधार आहे.