चाक एकाचं, माल दुसऱ्याचा

हुंडेकरी हे आडनाव नगर-सोलापूरकडे आजही भेटतं. त्या आडनावामागे एक धंदा आहे. व्यापाऱ्याचा माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पोचवायचा, वाटेतल्या जकाती, नदीचा उतार, चौक्यांवरचं देणंघेणं सगळं आपण भरायचं आणि व्यापाऱ्याकडून एकच ठोक रक्कम घ्यायची. या रकमेला हुंडाभाडं म्हणत. हुंडेकऱ्याच्या दावणीला बैल असतीलच असं नव्हतं. बैल लमाणांच्या तांड्याचे, नाहीतर गावोगावच्या गाडीवानांचे. हुंडेकऱ्याजवळ असे ती व्यापाऱ्यांची ओळख, वाटेची माहिती आणि दिलेला शब्द पाळण्याची पत.

कर्ज काढून एक ट्रक घेतो आणि स्वतःच चालवतो, त्याला या धंद्यात ‘चालक-मालक’ म्हणतात. त्याची गोष्ट मोटारीपासून सांगायला घेतली तर अर्धीच कळते. बैल गेले, इंजिन आलं, कच्च्या वाटांचे महामार्ग झाले. पण ज्याचं वाहन त्याच्या हाती माल नाही, ही जुनी वाटणी मात्र तशीच राहिली. ट्रकवाल्याच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथे सापडतं.

मालमोटारी आपल्याकडे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रुळल्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. एक लॉरी घेतली की कुणाची नोकरी न करता पोट भरता येतं, हे तेव्हा पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आलं. रेल्वेच्याही लक्षात आलं. व्यापाऱ्याच्या दारातून माल उचलून थेट गिऱ्हाइकाच्या दारात टाकणारी लॉरी जवळपासचा, चांगलं भाडं देणारा माल पळवू लागली आणि रेल्वेकडे उरला तो कोळसा-दगडासारखा जड माल. सरकारने १९३२ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना चौकशीला नेमलं. त्यातला एक रस्त्यांचा जाणकार होता आणि दुसरा रेल्वेचा. पुढच्याच वर्षी सिमल्यात रस्ते-रेल्वे परिषद भरली. त्या सगळ्यातून निघाला तो १९३९ चा मोटार वाहन कायदा.

या कायद्याने लॉरी चालवायची की नाही हे मालकाच्या हाती ठेवलं नाही. भाड्याने माल वाहायचा तर सार्वजनिक वाहतुकीचा परवाना हवा. तो प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देणार, तोही तीन ते पाच वर्षांसाठी. आधीपासून धंद्यात असलेल्यांना नव्या अर्जावर हरकत घेता येई. लांब पल्ल्याची रस्त्यावरची मालवाहतूक रोखण्याचा अधिकार सरकारकडे होता, आणि हे सारं रेल्वेशी मेळ घालण्याच्या नावाखाली. एका विभागाचा परवाना दुसऱ्या विभागात चालत नसे, तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागे. राज्याची हद्द ओलांडायची तर आणखी एक स्वाक्षरी.

परिणाम व्हायचा तोच झाला. परवान्यालाच किंमत आली. ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्याकडे गाडी असेलच असं नाही, आणि ज्याच्याकडे गाडी आहे तो दुसऱ्याच्या परवान्यावर ती पळवायचा. कागदावरचा मालक वेगळा, चाकावरचा वेगळा. कायद्याने धंद्याला शिस्त लागेल अशी अपेक्षा होती; प्रत्यक्षात आधीच अर्धवट असलेल्या मालकीचे आणखी दोन तुकडे झाले. एकट्या माणसावर याचा भार सर्वांत जास्त पडला, कारण दहा गाड्यांचा मालक एक माणूस कचेरीत बसवू शकतो. एका गाडीच्या मालकाला त्यासाठी गाडी उभी करावी लागते.

तरीही माणसं या धंद्यात येत राहिली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या. फाळणीत सर्वस्व गमावून मुंबईत आलेल्या पंजाबी कुटुंबांपैकी कितीतरी जण स्टिअरिंगमागे बसले. मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. मालवाहतूक मात्र खाजगी राहिली. मोटारीवर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला ट्रक हीच मोठी वाट उरली.

ट्रकही आता इथेच होऊ लागला. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतला. पंधरा वर्षं त्याच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. त्याच १९५४ साली मद्रासमध्ये टी. एस. संथानम यांनी सुंदरम फायनान्स सुरू केली. हप्त्याने गाडी मिळू लागल्याशिवाय चालक-मालक घडलाच नसता, म्हणून या दोन घटना शेजारी ठेवून पाहायला हव्यात. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, अग्रक्रमाच्या कर्जांत छोटे वाहतूकदार आले आणि बँकेचा दरवाजा थोडा उघडला. पण जुना ट्रक घेणाऱ्याला बँक उभी करत नसे. ती जागा ओळखली १९७९ मध्ये निघालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने. वापरलेल्या ट्रकवर, ज्याची आयुष्यात कधी कागदोपत्री मिळकत नोंदली गेली नाही अशा ड्रायव्हरला कर्ज द्यायचं, यावरच तिने आपला व्यवसाय उभारला.

त्याआधी १९५९ मध्ये मुंबईचे मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने या धंद्याची पाहणी करून अहवाल दिला होता. एकेका गाडीच्या मालकांनी एकत्र येऊन टिकाऊ घटक बांधावेत, असा समितीचा आग्रह होता. सल्ला योग्य होता. पण ज्याची गाडी आज हैदराबादला, उद्या सुरतला, त्याला बैठकीला बसवणं सोपं नव्हतं, आणि परवान्याची पद्धत जशीच्या तशी ठेवून असे घटक उभे राहणंही अवघडच होतं.

परवान्याची गाठ सुटायला पुढे बराच काळ गेला. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना आला, पण कोट्याने. खरी मोकळीक मिळाली ती १९८८ च्या नव्या कायद्याने. परवान्याचा अर्ज सहसा नाकारू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. १९९४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात तरतूद झाली की, दहापेक्षा जास्त मालमोटारी नसलेल्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता गाडीमागे ठरावीक उत्पन्न धरून कर भरता येईल. वह्या लिहायला वेळ नसलेल्या माणसाचा कायद्याने विचार केल्याचा हा एक मोजका प्रसंग. वर्षाला एकदा ठरावीक शुल्क भरून देशभर फिरण्याची सोय २०१० मध्ये झाली.

राष्ट्रीय परवान्याला वयाची अट आहे: साध्या ट्रकला बारा वर्षं, जास्त अक्षांच्या गाडीला पंधरा. या अटीमुळे गाडीला एक उतरती वाट मिळाली. नवी गाडी मोठ्या ताफ्यात, मग मधल्या मालकाकडे, शेवटी तालुक्याच्या गावात वाळू, ऊस, कांदा ओढायला. पहिल्यांदाच मालक होणारा माणूस बहुधा या वाटेच्या खालच्या टोकाला उभा असतो आणि त्याच्या वाट्याला येणारी गाडी पाटे तुटलेली, इंजिन एकदा उतरवलेली असते.

मालाचं काय झालं, ते एका कागदावरून कळतं. कळंबोलीला लोखंड भरायला आलेल्या गाडीला ट्रान्सपोर्टच्या कचेरीत दोन कागद मिळतात. एक बिल्टी. तिच्यावर माल पाठवणारा, घेणारा, नग, वजन आणि वर मोठ्या अक्षरांत ट्रान्सपोर्ट कंपनीचं नाव. खाली बारीक अक्षरांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’. दुसरी भाडेचिठ्ठी, आकाराने लहान. तिच्यावर गाडीचा नंबर, ठरलेलं भाडं, त्यातून वजा अॅडव्हान्स, वजा दलाली, कधी वजा हमाली, आणि शेवटी बाकी. ही बाकी माल उतरल्यावर सही-शिक्क्याची पोच आणून दिल्यावर मिळते. डिझेल रोखीचं, टोल आगाऊ भरलेला, हप्ता तारखेचा. बाकी तेवढी पोच फिरून येईपर्यंत थांबते. व्यापाऱ्याने कंपनीला मुळात किती भाडं दिलं, हे भाडेचिठ्ठीवर कधीच नसतं.

हे ओळखून मालाकडे वळलेल्या माणसाचं उदाहरण जवळच आहे. विजय संकेश्वर हे गदगच्या छपाई-प्रकाशनातल्या कुटुंबातले. १९७६ मध्ये त्यांनी एक ट्रक घेतला. पण ते दुसऱ्याच्या बिल्टीवर गाडी पळवत राहिले नाहीत. बंगळूर, हुबळी, बेळगाव अशी आपली पार्सल सेवा पसरवत गेले. माल थेट त्यांच्याकडे येऊ लागला. आज त्यांच्या व्हीआरएल कंपनीचा ताफा हजारोंच्या घरात आहे. अशी उदाहरणं थोडी, कारण दुसरा ट्रक घ्यायला कर्ज मिळतं, पण बुकिंगचं ऑफिस उघडायला लागणारी व्यापाऱ्यांतली पत कर्जाने मिळत नाही.

२००५ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून टाटा एस बाहेर पडला. पाऊण टन वाहणारी, दोन सिलिंडरची, सव्वादोन लाखांच्या आसपासची ही गाडी. लोकांनी तिचं नाव ‘छोटा हत्ती’ ठेवलं. भाजी, गॅस सिलिंडर, बांधकामाचं सामान यांचं भाडं चालकाला गावातल्या ओळखीतूनच मिळू लागलं. दलालाची गरज कमी पडली, कारण अंतरच कमी होतं.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईच्या जकात नाक्यांवरच्या रांगा संपल्या. मुलुंडला, दहिसरला रात्र रात्र उभी राहणारी गाडी थेट आत जाऊ लागली आणि नाक्यावरचं सगळं सांभाळणाऱ्या एजंटांचं काम गेलं. पुढच्या एप्रिलपासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं. ते फोनच्या पडद्यावर दोन भागांत दिसतं. पहिल्या भागात पाठवणारा, घेणारा, मालाची किंमत, कर. दुसऱ्या भागात वाहतूकदाराच्या बिल्टीचा नंबर आणि गाडीचा नंबर. दोनशे किलोमीटरमागे एक दिवस धरून मुदत संपते. घाटात गाडी बंद पडली तर ती मुदत वेळेत वाढवून घ्यावी लागते. गाडी ज्याची आहे, तिचे हप्ते जो भरतो, त्याच्या नावासाठी दोन्हींपैकी कुठल्याच भागात रकाना नाही.