एफ-६ आणि फ्लॉपी

आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) उर्दू छपाईतून कातिब गेले, याची हळहळ अजून ऐकू येते. कातिबाची जागा ज्या संगणकाने घेतली, त्याचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. १९८१मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालिक आली आणि १९९४मध्ये त्याच लिपीवर चालणारं इनपेज. मग लग्नाचे रुक्के, मदरशांचे अहवाल, कवींचे दीवान, सगळं डीटीपीवाल्याच्या टेबलावर जुळू लागलं. शेजारच्याच मशीनवर मराठी श्रीलिपी.

ही दुकानं वर्षानुवर्षं विंडोज एक्सपीवर चालली. कारण साधं होतं. जुनी पॅकेजं आणि त्यांची डोंगलं नव्या विंडोजवर चालतीलच याचा भरवसा नव्हता. पण मशीन जळालं की नवं घ्यावं लागे, आणि खरी अडचण तिथे सुरू होई.

एक्सपी ऑक्टोबर २००१ची. साटा हार्डडिस्क बाजारात आली २००३च्या सुमारास, आणि तिला चालवणारी एएचसीआय पद्धत इंटेलने मांडली २००४मध्ये. एक्सपीच्या सीडीला हे पाहुणे माहीतच नव्हते. सेटअप सुरू होई, निळ्या पडद्यावर फायली चढत, आणि शेवटी उत्तर मिळे की या संगणकात हार्डडिस्कच सापडली नाही. डिस्क आत फिरत असायची, तरी!

इलाज पडद्याच्या तळाशी काही क्षणच दिसे : एफ-६ दाबा. ही सोय मूळची सर्व्हरच्या स्कझी आणि रेड कार्डांसाठी. मग 'एस' दाबून ड्रायव्हर द्यायचा, तोही फक्त 'ए' ड्राइव्हमधल्या फ्लॉपीवरून. फ्लॉपीवर ड्रायव्हरची .एसवायएस फाइल हवी आणि तिच्यासोबत टीएक्सटीसेटअप.ओईएम. ही दुसरी फाइल नसेल तर सेटअपला यादीच दिसत नसे. यादीतूनही आपल्या बोर्डाचा नेमका चिपसेट ओळखून निवडायचा. गंमत अशी, की तोवर नव्या संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह गायब होऊ लागला होता.

म्हणून कारागिरांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे एनलाइटने ड्रायव्हर सीडीतच मिसळायचा. माझ्या मते पक्कं काम हेच. दुसरी, बायोसमध्ये जाऊन एएचसीआयऐवजी आयडीई निवडायचं. पाच मिनिटांत काम फत्ते, म्हणून हीच वाट जास्त चालली. पुढे कुणी ड्रायव्हर न घालता ती सेटिंग परत एएचसीआयवर नेली, की सुरू होतानाच निळा पडदा आणि ०x७बी. गिऱ्हाइकाला वाटे डिस्क गेली, आत अब्बांचा दीवान होता तोही गेला. खरं तर सगळं जागेवर असे. अशा वेळी घाईने फॉरमॅट मारणारा सगळ्यात महागात पडे.

२००७मध्ये घरोघरी आलेल्या विस्टाने एएचसीआयचा ड्रायव्हर सोबतच आणला आणि वेगळा द्यायचा झाला तर पेनड्राइव्हही चालू लागला. एक्सपीची साथ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला सोडली. जुन्या इनपेजच्या फायली मात्र युनिकोडमध्ये नाहीत. त्या शोधता येत नाहीत, आधी रूपांतर करून मग ओळ न् ओळ तपासावी लागते, आणि ते काम करायला जुनं मशीन चालू असलेलं बरं पडतं.