टॅपेस्ट्री

टॅपेस्ट्री : अमेरिकन संगीतरचनाकार व गायिका कॅरोल किंग (जन्म ९ फेब्रुवारी १९४२) हिची विख्यात दीर्घ ध्वनिमुद्रिका. ओड या कंपनीने ती १० फेब्रुवारी १९७१ रोजी प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ चित्रजवनिका असा आहे. तबकडीच्या प्रत्येक बाजूस सहा याप्रमाणे तीत एकूण बारा गीते असून त्या सर्वांच्या चाली किंगच्या आहेत. पॉप संगीताच्या इतिहासात तिला मिळालेले स्थान केवळ विक्रमी खपामुळे मिळालेले नाही. गीत रचणारा व ते गाणारा यांची जी फारकत अमेरिकन गीतव्यवसायाने दीर्घकाळ रूढ केली होती, ती स्त्रियांच्या बाबतीत मोडून काढणाऱ्या कृतींत टॅपेस्ट्रीचा क्रम फार वरचा लागतो.

पार्श्वभूमी : किंग हिचा जन्म न्यूयॉर्क शहरात झाला व बालपण त्याच शहराच्या ब्रुकलिन भागात गेले. तिचे मूळ नाव कॅरोल जोन क्लाइन. क्वीन्स महाविद्यालयात शिकत असताना तिचा जेरी गॉफिन (१९३९–२०१४) याच्याशी परिचय झाला आणि १९५९ मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली. गॉफिन शब्द लिही व किंग चाल बांधी. ब्रॉडवे मार्गावरील आल्डन म्यूझिक या प्रकाशनसंस्थेत अशी अनेक तरुण जोडपी पगारी गीतलेखनाचे काम करीत. लहान लहान खोल्यांतून, एका पियानोच्या साहाय्याने, ठराविक गायकांसाठी गीते सिद्ध केली जात. गीत तयार झाले, की त्याचे नमुना-मुद्रण करून ते गायकाला व निर्मात्याला ऐकविण्यात येई. असे मुद्रण पुष्कळदा किंगच्या स्वतःच्या आवाजात असे. परंतु श्रोत्यांपर्यंत पोहोचे तो दुसऱ्याचा आवाज.

या जोडीचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गीत शिरेल्स या कृष्णवर्णीय तरुणींच्या गायकवृंदाने गाइले आणि जानेवारी १९६१ मध्ये ते अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले. कृष्णवर्णीय तरुणींच्या वृंदाला हे स्थान प्रथमच लाभले होते. पुढे बॉबी व्ही, लिट्‌ल ईव्हा, ड्रिफ्टर्स, मंकीज इत्यादींनी त्यांची गीते लोकप्रिय केली. १९६२ मध्ये बॉबी व्ही याच्यासाठी केलेले एक नमुना-मुद्रण किंगच्याच आवाजात विक्रीस आले. ते अमेरिकेत बाविसाव्या व ब्रिटनमध्ये तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. तथापि गायिका म्हणून तिचा पाठपुरावा करावा, असे त्यानंतरही विशेषसे कोणास वाटले नाही.

बॉब डिलन व बीटल्स यांच्या प्रभावामुळे १९६४ नंतर गायकाने स्वतःचीच गीते गावीत, हा संकेत दृढ होत गेला आणि पगारी गीतलेखनाची व्यवस्था ओसरू लागली. स्त्रियांमध्ये लॉरा नायरो व जोनी मिचेल यांनी या नव्या वाटेवर किंगच्या आधी पाऊल टाकले होते. गॉफिनपासून विभक्त झाल्यावर किंग आपल्या दोन मुलींसह कॅलिफोर्नियात आली व लॉस अँजेल्सच्या लॉरेल कॅन्यन भागात राहू लागली. तेथे तिने सिटी नावाच्या त्रयीबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली, तर १९७० मध्ये रायटर ही स्वतःच्या नावाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. दोहोंना अल्प प्रतिसाद मिळाला. श्रोत्यांसमोर गाण्याचा तिला संकोच वाटे; गायक जेम्स टेलर याच्या प्रोत्साहनाने तो हळूहळू दूर झाला.

ध्वनिमुद्रण : टॅपेस्ट्रीचे मुद्रण जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवुडमधील ए अँड एम ध्वनिमुद्रणगृहात अल्पावधीतच पार पडले. निर्माता लू ॲडलर याने किंगची जुनी नमुना-मुद्रणे ऐकलेली होती. त्यांतील साधेपणा व जवळीक त्याला मोलाची वाटे. किंग पियानोपाशी बसून आपल्यासाठीच गात आहे, असे ऐकणाऱ्यास वाटावे, हे त्याने सूत्र ठेवले. त्यामुळे वाद्यमेळ मर्यादित राहिला. पियानो मध्यभागी, सोबत तिचा तत्कालीन पती चार्ल्स लार्की याचा बेस, डॅनी कॉर्चमार याची गिटार आणि मोजके तालवाद्य अशी सर्वसाधारण मांडणी आहे. जेम्स टेलरने काही गीतांना गिटारची साथ दिली. मिचेलही त्याच सुमारास याच वास्तूत आपल्या ब्लू या ध्वनिमुद्रिकेचे काम करीत होती; तिने व टेलरने ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ या गीतात मागचे स्वर दिले. किंगचा आवाज फारसा विस्तृत पल्ल्याचा नाही व काही ठिकाणी तो किंचित खरखरीतही लागतो. हे दोष झाकण्याचा प्रयत्न मुद्रणात केलेला नाही.

गीतांचे स्वरूप : बारांपैकी सात गीतांचे शब्द व चाल दोन्ही एकट्या किंगची आहेत. ‘इट्स टू लेट’ व ‘व्हेअर यू लीड’ या दोन गीतांचे शब्द टोनी स्टर्न या कवयित्रीचे आहेत, तर उरलेली तीन गीते गॉफिनच्या सहकार्याने पूर्वीच रचलेली आहेत. टॅपेस्ट्री म्हणजे एका स्त्रीचे सरळ आत्मकथन, असे अनेकदा म्हटले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. स्त्रीमनाच्या आविष्काराचे उदाहरण म्हणून दाखविले जाणारे ‘अ नॅचरल वूमन’ हे गीत मुळात पुरुषाने लिहिलेले आहे आणि त्याचे शीर्षकही जेरी वेक्सलर या निर्मात्याने सुचविलेले आहे. १९६७ मध्ये ते अरीथा फ्रँक्लिनने गाइले, तेव्हा त्यात वाद्यवृंद व सहगायिकांचा भरणा होता. किंगने तेच गीत जवळजवळ एकट्या पियानोवर, संथ गतीने गाइले.

‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ या गीताचा पालट याहूनही लक्षणीय आहे. आजच्या रात्रीचे प्रेम उद्या टिकेल का, हा त्यातील प्रश्न शिरेल्सच्या कंठी किशोरवयीन मुलीचा होता. दहा वर्षांनी, संसार मोडलेल्या व दोन मुलींची आई असलेल्या किंगने तो लय धीमी करून विचारला, तेव्हा त्यात अनुभवाचा भार आला. शब्द मात्र तेच होते. गीतावरील हक्क केवळ शब्दकर्त्याचा नसतो, चाल बांधणाऱ्या व गाणाऱ्या व्यक्तीचाही असतो, ही गोष्ट या मुद्रणातून स्पष्ट होते. ‘इट्स टू लेट’ या गीतात नाते संपल्याची कबुली देणारी स्त्री आक्रोश करीत नाही, की जोडीदारास दोषही देत नाही. प्रेमभंगाच्या तत्कालीन गीतांत हा संयत सूर विरळा होता. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळ त्या वेळी जोरात होती. टॅपेस्ट्रीत तिच्या घोषणा नाहीत. तथापि स्वतःच्या निर्णयांविषयी शांतपणे बोलणारी प्रौढ स्त्री तीत प्रथमच इतक्या मोठ्या श्रोतृवर्गापुढे आली.

मुखपृष्ठावर जिम मॅक्रेरी याने किंगच्या घरी टिपलेले छायाचित्र आहे. खिडकीशी अनवाणी बसलेली किंग, तिच्या हातातील भरतकाम व पुढे मांजर, असे हे दृश्य तत्कालीन झगमगीत मुखपृष्ठांहून सर्वस्वी वेगळे होते.

प्रभाव व सन्मान : बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादीत ही ध्वनिमुद्रिका जून १९७१ पासून सलग १५ आठवडे अग्रस्थानी होती. ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ हे तीतील गीत टेलरच्या आवाजातही त्याच वर्षी पहिल्या स्थानावर पोहोचले. जगभरात तिच्या अडीच कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते. १९७२ मध्ये किंगला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांत वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचाही समावेश असून हा पुरस्कार मिळविणारी ती पहिली स्त्री होय. या यशामुळे स्वतः गीते रचणाऱ्या गायिकांकडे पाहण्याची ध्वनिमुद्रिका कंपन्यांची दृष्टी बदलली. २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत टॅपेस्ट्रीचा समावेश केला. ३ जुलै २०१६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये किंगने ही सर्व गीते प्रथमच एका कार्यक्रमात सलग सादर केली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने १९९० मध्ये गॉफिनसह तिचा गौरव केला होता, तो गीतरचनेबद्दल. गायिका म्हणून तेथे तिला स्थान मिळाले, ते २०२१ मध्ये.