सार्जंट फ्लॉइडचा केसपेपर

३१ जुलै १८०४ रोजी सार्जंट चार्ल्स फ्लॉइडने आपल्या रोजनिशीत लिहिलं की तो बरेच दिवस फार आजारी होता, पण आता तब्येत सावरली आहे. त्यानंतर तो वीसच दिवस जगला. माझी सगळी उमेद तालुक्याच्या गावी पोटाची ऑपरेशनं करण्यात गेली, त्यामुळे या नोंदीपाशी मी थबकलो. एकदा दुखून थांबलं, म्हणून निर्धास्त झालेला आणि काही आठवड्यांनी पोट धरून परत आलेला तरुण आम्हा सर्जन लोकांना चांगला माहीत असतो.

फ्लॉइड केंटकीचा, वय बावीसच्या आसपास. मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या दोन कॅप्टनांच्या मोहिमेत अगदी सुरुवातीला भरती झालेल्यांपैकी तो एक. अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून विकत घेतलेला अफाट मुलूख पाहायचा आणि पॅसिफिक समुद्रापर्यंतची वाट शोधायची, हे त्यांचं काम. १४ मे १८०४ रोजी एक ५५ फुटी नाव आणि दोन लहान होड्या घेऊन ते मिझुरी नदीतून प्रवाहाविरुद्ध निघाले. वारा नसेल तेव्हा नाव वल्ह्यांनी, काठ्यांनी रेटून, नाहीतर दोर लावून ओढत न्यायची. सारी माणसं तरणीबांड, निवडून घेतलेली.

डॉक्टर मात्र एकही नव्हता. निघण्यापूर्वी लुईसने फिलाडेल्फियात बेंजामिन रश या नामांकित डॉक्टरांकडून थोडी शिकवणी घेतली होती, आणि औषधांच्या पेटीत रश यांच्या ५० डझन गोळ्या होत्या. पाऱ्यापासून केलेलं कॅलोमेल आणि जलप नावाची मुळी, दोन्ही जहाल रेचकं. कोठा साफ करा आणि रक्त काढा, यावर त्या काळच्या वैद्यकाची सगळी भिस्त. त्यांना हसावं असं मला वाटत नाही. आमच्याकडेही पोटात कळ आली की आधी एरंडेल पाजत, आणि फुटलेलं अपेंडिक्स घेऊन आलेल्या कित्येकांना घरून ते पाजूनच आणलेलं असे. रेचकाने आतडं जोराने आवळतं, आणि सुजलेलं अपेंडिक्स फुटायला तेवढं निमित्त पुरतं.

१८ ऑगस्टला छावणीत गडबड होती. पळून गेलेल्या एका शिपायाला पकडून आणून शिक्षा झाली, ओटो जमातीचे सरदार भेटीला आले होते, आणि लुईसचा तिसावा वाढदिवस असल्याने रात्री अकरापर्यंत नाच चालला. फ्लॉइडची शेवटची नोंद याच दिवसाची. दुसऱ्या दिवशी तो एकाएकी कोसळला. क्लार्कने आजाराचं नाव पित्ताचा पोटशूळ असं लिहिलं. पुढे मात्र त्याने फक्त जे दिसलं ते टिपलं: नाडी लागत नाही, पोटात क्षणभरही काही ठरत नाही. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाची ही नोंद मला फार मोलाची वाटते. नाडी हरवली म्हणजे विष पोटभर पसरून रक्तदाब ढासळला. अपेंडिक्स फुटून हा मृत्यू झाला असावा असं आज बहुतेक डॉक्टर मानतात, आणि मलाही दुसरं काही दिसत नाही.

फिलाडेल्फियात असता तरी तो वाचला नसता. भूल देऊन केलेल्या ऑपरेशनचं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला १८४६ साली झालं, आणि अपेंडिक्सच्या सुजेचं नेमकं वर्णन करून ते वेळीच कापून काढा असं रेजिनाल्ड फिट्झ यांनी सांगितलं ते १८८६ साली.

इलाज नसतो तेव्हा शुश्रूषा हाच इलाज. क्लार्क रात्रीचा बराचसा वेळ जागा होता. सगळेच धडपडत होते, पण मुख्यत्वे यॉर्कने सेवा केली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. यॉर्क हा क्लार्कचा गुलाम. उलट्याजुलाबांनी लोळागोळा झालेल्या माणसाला पुसणं, कूस वळवणं, ओठ ओले करणं हे काम मी आयुष्यभर आया आणि वॉर्डबॉय यांच्या हातून होताना पाहिलं आहे. केसपेपरवर त्यांचं नाव कधी येत नाही. क्लार्कने ते लिहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

२० ऑगस्टला काठावर थांबून त्याच्यासाठी गरम पाण्याची तयारी केली, पण त्यात उतरवण्याआधीच तो गेला. जाण्यापूर्वी त्याने क्लार्कला सांगितलं होतं की मी चाललो, माझ्यासाठी एक पत्र लिहा. आजच्या आयोवातल्या सू सिटीजवळच्या टेकडीवर लष्करी इतमामाने त्याला पुरलं, देवदाराचा खांब उभा केला, जवळच्या लहान नदीला त्याचं नाव दिलं. दोनच दिवसांनी शिपायांनी मतं देऊन पॅट्रिक गॅसला त्याच्या जागी सार्जंट निवडलं. हा गॅस अठ्ठ्याण्णव वर्षं जगला. सव्वादोन वर्षांहून जास्त चाललेल्या त्या मोहिमेत मृत्यू हा एकच.

१८५७ साली मिझुरीने टेकडी खचवली, तेव्हा गावकऱ्यांनी उघडी पडलेली हाडं गोळा करून आत सुरक्षित जागी पुरली. १९०१ मध्ये तिथे १०० फुटी दगडी स्तंभ उभा राहिला.

परतल्यावर लुईसने सरकारला लिहिलं की मुलगा कामी आला आहे, बाप बेताच्या स्थितीतला आहे, त्याला काहीतरी द्यावं. १८०७ च्या कायद्याने मोहिमेतल्या शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली, फ्लॉइडच्या वारसांनाही. यॉर्कला ना पगार मिळाला ना जमीन. त्याने स्वातंत्र्य मागितलं, तेही क्लार्कने कितीतरी वर्षं नाकारलं. २००१ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याला मरणोत्तर मानद सार्जंट केलं. म्हणजे फ्लॉइडचाच हुद्दा, १९६ वर्षांनी. हा सन्मान योग्यच आहे. पण त्या मोहिमेत यॉर्कने काय केलं असं मला कुणी विचारलं, तर मी आधी १९ ऑगस्टची ती रात्र सांगेन.