एका औषधाचें मोल



बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव ही कापसाची जुनी बाजारपेठ. तेथें कापूस विकून वर्षाचा संसार चालविणाऱ्या एखाद्या घरीं कर्त्या माणसास रक्ताचा कर्करोग झाला, अशी कल्पना करा. रोगावर औषध आहे. पण त्याची किंमत महिन्याला १,२०,००० रुपये. अशा घराला तें असून नसल्यासारखेंच! इमॅटिनिब या औषधाच्या इतिहासांत हा प्रसंग खरोखरच उभा राहिला होता.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रोग अस्थिमज्जेंत, म्हणजे हाडांतील ज्या मगजांत रक्तपेशी जन्मतात तेथें, उद्भवतो. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें नॉवेल व हंगरफोर्ड यांस अशा रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां आखूड आढळलें. १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची येथें अदलाबदल झालेली असते. या चुकीच्या सांध्यांतून एक विकृत प्रथिन निर्माण होतें आणि तें पेशींस वाढीचा हुकूम अखंड देत राहतें.

पूर्वींचीं बहुतेक औषधें वाढणाऱ्या पेशी सरसकट मारीत; सुक्याबरोबर ओलेंही जळे. इमॅटिनिब मात्र त्या विकृत प्रथिनाच्या खोबणींत जाऊन बसतें आणि तो हुकूमच बंद पाडतें. मे २००१ मध्यें त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. प्राणघातक रोग रोजच्या गोळीनें आटोक्यांत राहूं लागला. पण ही गोळी बहुतेकांस वर्षानुवर्षें घ्यावी लागते. म्हणून तिची किंमत हा आयुष्याचाच प्रश्न होतो.

भारतीय कारखाने हेंच औषध महिन्याला ८,००० ते १०,००० रुपयांत देत होते. २००३ सालीं नोव्हार्टिस कंपनीस येथें विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि वाद पेटला. कंपनीनें औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट मागितलें होतें. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेनें त्यास हरकत घेतली. संशोधनास मोबदला हवा, असें कंपनीचें म्हणणें. अनेक रुग्णांस ती औषध मोफतही देत असे. परंतु दानावर विसंबणें निराळें आणि बाजारांत परवडणारें औषध मिळणें निराळें.

२००६ सालीं चेन्नईच्या पेटंट कार्यालयानें अर्ज फेटाळला. पुढें १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति आफताब आलम व रंजना देसाई यांनीं निर्णय दिला: ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपानें रोग हटविण्याची शक्ति वाढल्याचें सिद्ध झालें नाहीं, म्हणून पेटंट नाहीं.

कापूस पिकविणाऱ्या घराला आठ-दहा हजारही थोडे नव्हेत. तरी त्यासाठीं धडपड करतां येते. सव्वा लाखापुढें मनुष्य हातच टेकतो. रोगाचें मूळ प्रयोगशाळेंत सांपडलें; परंतु औषध रुग्णाच्या हातीं पडण्यास न्यायालयाचीही पायरी चढावी लागली.