वसतिगृहापासून विद्यार्थी विकास मंडळापर्यंत



विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पदव्या, परीक्षा आणि निकाल उभे राहतात. विद्यार्थी राहतो कोठे, जेवला की नाही, गाडीत किती वेळ उभा असतो, फीचा हप्ता चुकला तर कोणाच्या दारात जातो, हे प्रश्न विद्यापीठाचे आहेत असे सहसा कोणी मानत नाही. वस्तुतः आज प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या विकासासाठी जो स्वतंत्र विभाग आहे, त्याची मुळे याच प्रश्नांत आहेत. त्या विभागाने आधी काय करावे आणि नंतर काय, याचा क्रम आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वीच घालून दिला होता. तो कसा, हे आपल्यापुढे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारलेली ही संस्था आरंभी केवळ परीक्षा घेणारी होती. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, आणि विद्यार्थ्याने जगायचे कसे ते त्याचे त्याने पाहायचे, अशी ती वाटणी होती. ज्यांचे घर शहरात, ज्यांच्या घरी आधीपासून पाटीपुस्तक, त्यांना यात काही अडले नाही. अडले ते इतरांचे. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली, ती आपला समाज या वाटेवर मागे राहिला हे ओळखूनच. पण मुंबईबाहेरच्या, खेड्यातल्या मुलाचे काय?

या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर कोल्हापुरात मिळाले. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतलेल्या शाहू महाराजांच्या लक्षात आले की, राजधानीत हायस्कूल आहे, राजाराम कॉलेज आहे, मास्तर आहेत, तरीही खेड्यातील मुले तेथे दिसत नाहीत. कारण बुद्धीचे नव्हते. कोल्हापुरात उतरायला घर नाही आणि खाणावळीला पैसा नाही, एवढेच ते कारण. म्हणून महाराजांनी आधी वसतिगृहे काढली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले.

वाचकहो, यातील १९०६ हे साल आपण विशेष ध्यानात ठेवावे. त्या साली महाराजांनी कोल्हापुरातील मुस्लिम समाजातील प्रतिष्ठित मंडळींना एकत्र करून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. तिच्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. एका हिंदू राजाने मुस्लिम शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, याचे आज कौतुक होते. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची रीत. जागा द्यायची, इमारतीला मदत करायची, कायमचे उत्पन्न लावून द्यायचे. मात्र दैनंदिन कारभार ज्या त्या समाजाच्या मंडळींनी पाहायचा. राजाश्रय आणि जबाबदारी अशी दोन्ही एकाच हाताने दिलेली होती. कोल्हापूरला जाणाऱ्यांनी दसरा चौकात पाय जरूर थांबवावेत. तेथे महाराजांचा पुतळा आहे आणि मुस्लिम बोर्डिंगही त्याच चौकात आहे.

या व्यवस्थेत एक उणीव होती. जातवार वसतिगृहांत मुले शिकली, पण भिंती राहिल्या. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो गेला म्हणून परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने ते साफ नाकारले आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. याच भाऊरावांनी पुढे १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. मुले स्वतः दळत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा हीच रीत 'कमवा आणि शिका' या नावाने महाविद्यालयात आली. आज अनेक विद्यापीठांच्या माहितीपुस्तकात ही योजना छापलेली असते; तिचे मूळ जात्यावर आणि शेताच्या बांधावर आहे.

मुंबईत वेगळी अडचण होती. तेथे मुलांना राहायला खोली कशीबशी मिळे, पण दिवस नोकरीत जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेथे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. येथे विद्यार्थ्याने वेळापत्रकाप्रमाणे वाकायचे नव्हते. वेळापत्रकच विद्यार्थ्यासाठी वाकवले होते.

आता आपल्या भागाकडे वळू. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकीत आसरा मिळाला आणि १९४९ साली तिला आजचे नाव पडले. घरदार गमावून आलेल्या या समाजाने एका बाजूला दुकाने थाटली आणि दुसऱ्या बाजूला शाळा काढल्या. १९६०च्या दशकात तर येथे तलरेजा आणि चांदीबाई अशी दोन महाविद्यालये उभी राहिली. कल्याणला १९७२ साली बिर्ला महाविद्यालय झाले. त्यापूर्वी आपल्या आजोबांच्या पिढीतील एखाद्याला पदवी हवी तर मुंबईची गाडी हाच मार्ग होता. आता बदलापुरातही महाविद्यालय आहे. पण अभियांत्रिकी, कायदा, औषधनिर्माणशास्त्र, एखादा हवा तो विषय यांसाठी आपली मुले आजही गाडी पकडतात. बदलापूर ते मुंबई सुमारे ६८ किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि त्यात बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणजे आठवड्याला अठरा तास केवळ उभे राहण्यात जातात. घरी आल्यावर उल्हासनगरच्या मुलाला जीन्सच्या शिलाईत वडिलांना हात द्यायचा असतो. अंबरनाथच्या मुलीला एका खोलीत पाच माणसांच्या गलबल्यात पुस्तक उघडायचे असते. कोल्हापूरच्या खेडुताचा प्रश्न राहण्याचा होता, आपल्या मुलांचा प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे. प्रश्न बदलला, जात तीच.

या काळात सरकार आणि विद्यापीठे स्वस्थ बसली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९९९ साली महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा झाला. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ आणि त्याचे संचालक अशी रचना घालून दिली. कागदावर हे सारे उत्तम आहे. तथापि प्रत्यक्षात विद्यार्थी विकास म्हणजे युवा महोत्सव, एकांकिका, समूहगायन आणि चषक, अशी समजूत दृढ झाली आहे. मी महोत्सवाच्या विरुद्ध नाही. ज्या मुलाने कधी व्यासपीठ पाहिले नाही त्याला ते मिळालेच पाहिजे. पण तालमीला थांबू शकतो तो मुलगा, ज्याची पावणेसहाची गाडी चुकली तरी चालते. शाहू महाराजांनी जेथून आरंभ केला, ते आता यादीच्या शेवटी गेले आहे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, देशातील अग्रगण्य महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे केवळ एक मुस्लिम होता आणि पदव्युत्तर वर्गात दर ५० मागे एक. त्यानंतर काही शिष्यवृत्त्या निघाल्या, काही बंदही झाल्या; संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली थांबविण्यात आली. एखादी योजना आहे म्हणून ती कायम राहील असे धरून मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडता येत नाही.

तेव्हा प्रवेशाच्या वेळी पालकांनी केवळ फी विचारून परत फिरू नये. विद्यार्थी विकासाचे काम कोणत्या प्राध्यापकांकडे आहे, ते कोणत्या वेळी भेटतात, 'कमवा आणि शिका' खरोखर चालू आहे काय, रेल्वेच्या सवलतीच्या पासाचा दाखला किती दिवसांत मिळतो, मुलींच्या तक्रारींची समिती कोठे बसते, हे सरळ विचारावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या राज्य सरकारच्या योजना आहेत; त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे असतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून लागतो. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र तालुके आहेत, आणि बदलापूरकरांचे काम अंबरनाथला होते. जून महिन्यात तेथे रांग लागते. दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवावा.

आणि एक सूचना आपल्या समाजातील संस्थांच्या चालकांना. शाळांच्या इमारती सायंकाळी रिकाम्या असतात. दोन वर्गखोल्या, चार दिवे, पिण्याचे पाणी आणि एक जबाबदार माणूस, एवढ्यावर सात ते दहा अभ्यासिका चालू शकते. मुलींसाठी वेगळी खोली आणि आठ वाजता एकत्र घरी सोडण्याची सोय असावी. वीजबिल दरमहा कोण भरणार, हे वार्षिक सभेतच ठरवून टाकावे.